निवृत्तीची पुंजी आणि दानधर्म : लखनौचा अनुभव, कायदा आणि अर्थशास्त्र

माणूस नोकरीच्या काळात जी बचत करतो, तिच्यात निवृत्तीसाठी केलेल्या बचतीचे स्थान वेगळे असते. बँकेतील ठेव केव्हाही मोडता येते, दागिना विकता येतो. परंतु भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन यांच्याभोवती शासनाने मुद्दाम कुंपण घातलेले असते. कमाईची वर्षे संपल्यानंतरचे आयुष्य या रकमेवर काढावयाचे असते, हे त्याचे कारण. भारतात साठी गाठलेल्या व्यक्तीपुढे सरासरी सुमारे १८ वर्षांचे आयुष्य असते. एवढा काळ नियमित वेतनाविना काढणे ही साधी गोष्ट नव्हे.

तरीही अनेक निवृत्त शिक्षक, कर्मचारी आणि अधिकारी या पुंजीचा काही भाग शाळा, ग्रंथालय, रुग्णालय किंवा संशोधनसंस्था यांना देऊ इच्छितात. अशा वेळी तीन प्रश्न उभे राहतात. कायदा त्यांना हे करू देतो काय? करपद्धती त्याला उत्तेजन देते काय? आणि दात्याचे स्वतःचे म्हातारपण सुरक्षित ठेवून दान कसे करता येईल? या प्रश्नांचा विचार करताना लखनौ शहराचा इतिहास मार्गदर्शक ठरतो. निवृत्तिवेतन आणि दान यांची सांगड घालणारी एक मोठी व्यवस्था याच शहरात दोनशे वर्षांपूर्वी उभी राहिली होती.

१८२५चे कर्ज

पहिल्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाच्या (१८२४-२६) खर्चामुळे ईस्ट इंडिया कंपनीची तिजोरी रिकामी होत होती. गव्हर्नर जनरल लॉर्ड अ‍ॅमहर्स्ट यांच्या कारकिर्दीत, १८२५ मध्ये, कंपनीने अवधचे अधिपती गाजीउद्दीन हैदर यांच्याकडून एक कोटी रुपयांचे कर्ज घेतले. या कर्जाची अट असाधारण होती. मुद्दल कधीही परत करावयाचे नव्हते; कंपनीने त्यावर द. सा. द. शे. ५ दराने, म्हणजे वर्षाला ५ लाख रुपये, व्याज कायमस्वरूपी द्यावयाचे होते. हे व्याज राजाच्या खजिन्यात जमा होणार नव्हते. ते राजघराण्यातील नेमून दिलेल्या स्त्रियांना आणि त्यांच्या आश्रितांना मासिक भत्ता म्हणून मिळणार होते. मुबारक महल, सुलतान मरियम बेगम, मुमताज महल आणि सरफराज महल या त्यांपैकी प्रमुख होत.

व्यवस्थेचा दुसरा भाग आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. भत्ताधारक बेगमेच्या मृत्यूनंतर तिच्या भत्त्याचा एक तृतीयांश भाग तिच्या मृत्युपत्राप्रमाणे वाटला जावा, आणि उरलेला दोन तृतीयांश भाग नजफ व करबला या शिया पंथीयांच्या पवित्र नगरांतील मुजतहिदांकडे, म्हणजे ज्येष्ठ धर्मशास्त्रज्ञांकडे, गरजू व पात्र व्यक्तींसाठी पाठवावा, असे ठरले. मृत्युपत्र केलेले नसल्यास संपूर्ण भत्ता तिकडे जावयाचा होता. हयातीत उदरनिर्वाह आणि हयातीनंतर दान, असा हा क्रम होता. एकाच मुद्दलातून आधी निवृत्तिवेतन आणि मग धर्मादाय, ही कल्पना आज काही देशांत विशेष विश्वस्त निधींच्या रूपाने वापरली जाते. लखनौमध्ये ती १८२५ सालीच अमलात आली होती.

१८५० पासून या निधीचा पैसा नजफ आणि करबला येथे पोहोचू लागला. इतिहासात तो ‘अवध बिक्वेस्ट’ या नावाने ओळखला जातो. पुढील सुमारे पन्नास वर्षांत ६० लाखांहून अधिक रुपये या मार्गाने गेले. मात्र पैसा ब्रिटिशांच्या हातून जात असल्यामुळे वाटपावरील त्यांचे नियंत्रण क्रमाक्रमाने वाढत गेले. बगदाद येथील ब्रिटिश प्रतिनिधी या व्यवहारात लक्ष घालू लागला, आणि धर्मगुरूंवर प्रभाव पाडण्याचे साधन म्हणूनही या निधीकडे पाहिले गेले. दात्याचा हेतू कितीही शुद्ध असला, तरी रक्कम कोणाच्या हातून जाते आणि हिशेब कोण ठेवतो यावर दानाचे भवितव्य अवलंबून असते, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

वसीका : स्थिर रकमेचे अर्थशास्त्र

दुसरा धडा आजही लखनौमध्ये पाहावयास मिळतो. अवधच्या नवाबांनी आणि बेगमांनी कंपनीला वेळोवेळी दिलेल्या कर्जांच्या व्याजातून त्यांच्या नातलगांना व आश्रितांना वंशपरंपरागत भत्ते बांधून देण्यात आले. या भत्त्यांना ‘वसीका’ आणि ते घेणाऱ्यांना ‘वसीकेदार’ म्हणतात. सत्तांतरे झाली, राज्ये गेली, देश स्वतंत्र झाला, तरी हे दायित्व पुढे चालू राहिले. हुसैनाबाद भागातील वसीका कार्यालयात येऊन भत्ता घेणारे वारस आजही आहेत. त्यांतील अनेकांची रक्कम इतकी अल्प आहे की ती घेण्यासाठी येण्याचा खर्चही तीतून निघत नाही. घराण्याचा मान म्हणून ते ती स्वीकारतात.

एके काळी ऐश्वर्याचे लक्षण असलेली रक्कम नाममात्र का झाली, याची कारणे दोन आहेत. पहिले कारण विभाजन. समजा, एखाद्याचा मासिक भत्ता ६०० रुपये होता आणि प्रत्येक पिढीत तो पाच वारसांत वाटला गेला, तर तिसऱ्या पिढीत प्रत्येकाच्या वाट्याला ५ रुपयेही येत नाहीत. दुसरे कारण चलनवाढ. रक्कम रुपयांत कायम राहिली, पण रुपयाची खरेदीशक्ती कायम राहिली नाही. चलनवाढीचा दर वार्षिक ६ टक्के धरला, तर किमती साधारणतः १२ वर्षांत दुप्पट आणि २४ वर्षांत चौपट होतात. याचा अर्थ असा की, आज १०,००० रुपयांचे स्थिर निवृत्तिवेतन घेणाऱ्याला २४ वर्षांनंतर त्यातून आजच्या सुमारे २,५०० रुपयांइतकीच खरेदी करता येईल.

अर्थशास्त्रातील नाममात्र मूल्य आणि वास्तव मूल्य यांतील भेद समजावून घेण्यासाठी याहून बोलके उदाहरण क्वचितच मिळेल. तो भेद दात्याला दोन ठिकाणी लागू पडतो : त्याच्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाला आणि त्याने स्थापन केलेल्या दाननिधीलाही. कायम ठेवीच्या व्याजातून दर वर्षी ठरावीक रकमेची शिष्यवृत्ती देण्याची योजना पहिल्या वर्षी भरघोस वाटते. पंचवीस वर्षांनंतर तीतून विद्यार्थ्याची पुस्तकेही येत नाहीत. म्हणून व्याजाचा काही भाग दर वर्षी मुद्दलात मिळवत राहण्याची अट दानपत्रातच घालणे शहाणपणाचे ठरते.

साहनी दांपत्याचे दान

याच शहरात विसाव्या शतकात आयुष्यभराची पुंजी वेगळ्या रीतीने दान करण्यात आली. लखनौ विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाचे प्रमुख आणि थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ प्रा. बिरबल साहनी आणि त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी आपला खासगी निधी, स्थावर मालमत्ता, ग्रंथसंग्रह आणि जीवाश्मांचा संग्रह पुरावनस्पतिशास्त्राच्या संशोधनासाठी अर्पण केला. ३ जून १९४६ रोजी त्यासाठी विश्वस्त संस्था स्थापन झाली. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते संस्थेच्या इमारतीची पायाभरणी झाली आणि त्यानंतर आठवडाभरातच प्रा. साहनी यांचे निधन झाले.

संस्थापकच नाहीसा झाल्यावर संस्था कोलमडण्याची शक्यता होती. तसे झाले नाही, कारण निधी व्यक्तीच्या नावावर नव्हता, संस्थेच्या नावावर होता. शिवाय सावित्री साहनी यांनी पुढील वीस वर्षे संस्थेची धुरा वाहिली. १९५३ मध्ये इमारतीचे उद्घाटन झाले. आज बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था ही केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणारी स्वायत्त संस्था आहे. दान हयातीत केले, उद्दिष्ट नेमके ठेवले, कायदेशीर चौकट आधी उभारली आणि देखरेख करणारी व्यक्ती मागे राहिली, या चार गोष्टींमुळे हे दान टिकले.

कायद्याचे कुंपण

आता आजच्या निवृत्तिनिधीकडे वळू. या निधीबाबत भारतीय कायद्याचे मूळ सूत्र असे की, तो कर्मचाऱ्याच्या हाती पडेपर्यंत कोणालाही तोडून देता येत नाही आणि कोणालाही हिसकावून घेता येत नाही. निवृत्तिवेतन अधिनियम, १८७१ नुसार भविष्यात मिळावयाच्या निवृत्तिवेतनाचे आगाऊ हस्तांतरण रद्दबातल ठरते. भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९२५ आणि कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, १९५२ यांनी निधीतील रकमेला जप्तीपासून संरक्षण दिले. १९५२ च्या अधिनियमाचा विषय पुढे सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये समाविष्ट करण्यात आला आणि ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्येही शासकीय निवृत्तिवेतन आणि भविष्य निर्वाह निधी यांना जप्तीतून वगळले आहे.

म्हणून ‘माझे पुढील दहा वर्षांचे निवृत्तिवेतन अमुक संस्थेला लिहून देतो’ असा करार कायद्याने टिकत नाही. दर महिन्याला निवृत्तिवेतन खात्यात जमा झाल्यावर त्यातून देणगी देण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. हा भेद वरवर किरकोळ वाटतो. पण त्यामुळे दात्याला दर महिन्याला आपला निर्णय बदलण्याची मुभा राहते. आजारपण आले, घरात अडचण निर्माण झाली, तर तो थांबू शकतो. कायद्याने दानाला विरोध केलेला नाही, दात्याच्या म्हातारपणाला संरक्षण दिले आहे.

नामनिर्देशन आणि मृत्युपत्र

कर्मचाऱ्याच्या मृत्यूनंतर निधी कोणाला मिळावा, यासाठी नामनिर्देशन असते. येथे एक फारशी परिचित नसलेली तरतूद आहे. केंद्रीय सेवेतील सर्वसाधारण भविष्य निर्वाह निधी नियम, १९६० मध्ये नामनिर्देशनाच्या संदर्भात ‘व्यक्ती’ या शब्दाचा अर्थ व्यापक केलेला आहे. त्यात संस्था आणि मंडळे येतात, तसेच पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी किंवा अन्य धर्मादाय विश्वस्त निधीही येतो. मात्र याला एक महत्त्वाची मर्यादा आहे. वर्गणीदाराला कुटुंब असेल, तर नामनिर्देशन कुटुंबातील सदस्याच्याच नावे करावे लागते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी योजना, १९५२ मध्येही कुटुंब असलेल्या सदस्याला बाहेरच्या व्यक्तीचे नाव देता येत नाही. कुटुंब नसताना केलेले नामनिर्देशन पुढे कुटुंब झाल्यावर निरर्थक ठरते.

केंद्रीय सेवेत १ जानेवारी २००४ पासून रुजू झालेल्यांना, सशस्त्र दले वगळता, ही जुनी निधी योजना लागू नाही. ते राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीत आले. उत्तर प्रदेशाने हा बदल १ एप्रिल २००५ पासून, तर महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून केला.

नामनिर्देशित व्यक्ती मालक होते काय, या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने नकारार्थी दिले आहे. सरबती देवी विरुद्ध उषा देवी (१९८४) या विमाविषयक निकालात आणि शिप्रा सेनगुप्ता विरुद्ध मृदुल सेनगुप्ता (२००९) या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले की, नामनिर्देशित व्यक्तीला रक्कम स्वीकारण्याचा अधिकार मिळतो. अंतिम हक्क वारसा कायद्याप्रमाणे ठरतो. म्हणून केवळ संस्थेचे नाव अर्जावर लिहून दात्याचा हेतू सफल होईल असे नाही. त्यासाठी स्पष्ट मृत्युपत्र असणे हितावह ठरते.

मृत्युपत्राचे स्वातंत्र्यही सर्वांना सारखे नाही. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ३० प्रमाणे हिंदू व्यक्ती आपल्या मालमत्तेची मृत्युपत्राद्वारे व्यवस्था लावू शकते. मुस्लिम वैयक्तिक कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय साधारणतः एक तृतीयांशापर्यंतच मालमत्ता मृत्युपत्राने देता येते. १८२५ च्या व्यवस्थेतील एक तृतीयांश भागाचे स्मरण येथे होते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम ११८ ने ख्रिस्ती व्यक्तींच्या धर्मादाय मृत्युपत्रांवर कडक अटी घातल्या होत्या. जवळचे नातलग असलेल्या व्यक्तीने असे मृत्युपत्र मृत्यूपूर्वी किमान बारा महिने केलेले असावे, अशी त्यांतील एक अट होती. जॉन वल्लमट्टम विरुद्ध भारत सरकार (२००३) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम समानतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवून रद्द केले. दान करण्याच्या अधिकाराचा संबंध राज्यघटनेच्या अनुच्छेद १४ शी कसा पोहोचतो, हे या निकालावरून दिसते.

करपद्धती उत्तेजन देते काय?

निवृत्तिनिधीवर कर लावण्याचे तीन टप्पे संभवतात : वर्गणी भरताना, व्याज मिळताना आणि रक्कम काढताना. भारतातील भविष्य निर्वाह निधी मुख्यतः तिन्ही टप्प्यांवर सवलत देणाऱ्या पद्धतीत मोडतो. पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर काढलेली रक्कम करमुक्त असते. काही मर्यादा अलीकडे आल्या आहेत. २०२१ पासून कर्मचाऱ्याच्या वार्षिक अडीच लाख रुपयांहून अधिक वर्गणीवरील व्याज करपात्र झाले. तरी रक्कम काढताना कर नाही, हे सूत्र कायम आहे.

अमेरिकेत पारंपरिक निवृत्ती खात्यातून रक्कम काढताना तिच्यावर प्राप्तिकर लागतो. त्यामुळे २००६ च्या कायद्याने तेथे साडेसत्तर वर्षांवरील खातेदारांना ठरावीक मर्यादेपर्यंतची रक्कम खात्यातून थेट धर्मादाय संस्थेला देण्याची आणि त्या रकमेवरील कर टाळण्याची सोय करून दिली. सुरुवातीला वार्षिक १ लाख डॉलर असलेली ही मर्यादा २०२४ पासून चलनवाढीशी जोडली गेली. तेथील दात्याला थेट देणगीमुळे कर वाचतो. भारतीय दात्याच्या भविष्य निर्वाह निधीवर काढतानाच कर नसल्यामुळे तशा सवलतीची गरजच उद्भवत नाही.

उरते ती देणगीवरील वजावट. आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम ८०जी मध्ये ती दिलेली होती; १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले आहेत. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या काही निधींना दिलेल्या देणगीवर १०० टक्के वजावट मिळते. मान्यताप्राप्त खासगी विश्वस्त संस्थांच्या बाबतीत ती सामान्यतः ५० टक्के असते, आणि विचारात घ्यावयाची देणगी समायोजित सकल उत्पन्नाच्या १० टक्क्यांपुरती मर्यादित असते. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर वजावट मिळत नाही. नव्या करप्रणालीत तर ही वजावटच उपलब्ध नाही.

एक कल्पित उदाहरण घेऊ. एका निवृत्त शिक्षिकेचे समायोजित सकल उत्पन्न ६ लाख रुपये आहे. तिला भविष्य निर्वाह निधीचे ३० लाख मिळाले आणि त्यांतील १० लाख तिने एकाच वर्षी एका शाळेच्या विश्वस्त संस्थेला दिले. उत्पन्नाच्या १० टक्के म्हणजे ६०,००० रुपयेच विचारात घेतले जातील आणि त्याच्या निम्मी, म्हणजे ३०,००० रुपयांची वजावट मिळेल. उरलेली रक्कम पुढील वर्षी ओढता येत नाही. तीच देणगी तिने दर वर्षी ६०,००० रुपयांप्रमाणे दिली, तर दर वर्षी तेवढीच वजावट मिळू शकेल. आणि तिने नवी करप्रणाली स्वीकारली असेल, तर २०२५-२६ पासून १२ लाख रुपयांपर्यंतच्या नियमित उत्पन्नावर कराची सूट असल्यामुळे तिला मुळात करच भरावा लागत नाही. निष्कर्ष उघड आहे. मध्यमवर्गीय निवृत्ताच्या दानामागे कराचे गणित जवळजवळ नसतेच. ते दान सदसद्विवेकबुद्धीने केलेले असते.

किती द्यावे?

असे असेल, तर दात्याच्या क्षमतेचा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरतो. समान पुंजी असलेल्या दोन निवृत्तांची देण्याची क्षमता समान नसते. जुन्या पद्धतीचे शासकीय निवृत्तिवेतन महागाईशी जोडलेले असते, आणि त्यामागे कुटुंब निवृत्तिवेतनाचा आधार असतो. १ एप्रिल २०२५ पासून सुरू झालेल्या एकीकृत निवृत्तिवेतन योजनेतही महागाईसाठी तरतूद आहे. राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणालीतील शासकीय कर्मचाऱ्याला सेवानिवृत्तीच्या वेळी संचित रकमेच्या किमान ४० टक्क्यांतून वार्षिकी विकत घ्यावी लागते. ही वार्षिकी बहुधा स्थिर रकमेची असते. खासगी क्षेत्रातील कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ खाली २०१४ मध्ये किमान निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरवण्यात आले. तेही महागाईशी जोडलेले नाही. ज्याचे निवृत्तिवेतन स्थिर आहे, त्याची हातातील पुंजी हाच त्याचा महागाई भत्ता होय. त्याने ती उदारपणे देऊन टाकली, तर पंधरा वर्षांनंतर त्याची स्थिती वसीकेदारासारखी होऊ शकते.

हयातीत देण्याचेही लाभ आहेत. दात्याला काम डोळ्यांनी पाहता येते, हिशेब मागता येतो, चूक सुधारता येते. म्हणून मध्यम मार्ग असा : वैद्यकीय खर्च आणि महागाई यांसाठी पुरेशी रक्कम आधी बाजूला काढावी, निवृत्तिवेतनातून दर वर्षी झेपेल तेवढी देणगी द्यावी, आणि मोठी रक्कम मृत्युपत्राद्वारे, कुटुंबीयांना पूर्वकल्पना देऊन, संस्थेसाठी राखून ठेवावी. संस्थेची नोंदणी, तिचे लेखापरीक्षण आणि देणगीचा उद्देश लेखी असणे या बाबी तपासून घ्याव्यात.

समारोप

निवृत्तिनिधीच्या दानात दोन सामाजिक मूल्ये समोरासमोर येतात : वृद्धाची सुरक्षितता आणि समाजाप्रती कृतज्ञता. भारतीय कायद्याने पहिल्याला अग्रक्रम दिला आहे आणि दुसऱ्यासाठी वाट मोकळी ठेवली आहे. ज्या देशात असंख्य श्रमिकांना निवृत्तिवेतनच मिळत नाही, तेथे ज्यांना ते मिळते त्यांनी काही परत द्यावे ही भावना स्वागतार्हच आहे. मात्र आजचा दाता उद्याचा आश्रित होऊ नये, हेही तितकेच आवश्यक आहे. गाजीउद्दीन हैदर यांच्या व्यवस्थेत भत्ताधारकाच्या हयातीला पहिला मान होता आणि धर्मादायाला त्यानंतरचा. दोनशे वर्षांपूर्वीचा हा क्रम आजच्या निवृत्तालाही उपयोगी पडणारा आहे.